पिलावळ पांगते तेव्हा

मरळीची पिल्लं पाहायची असतील तर ती आषाढात पाहावीत. नागभीड तालुक्यात धानाच्या बांध्यांमध्ये, गावाच्या कडेला, जंगलाच्या तोंडाशी इतके तलाव आणि बोड्या आहेत की त्यासाठी मुद्दाम कुठं जावं लागत नाही. पाळीच्या आतल्या अंगाला, जिथं गवत पाण्यात उतरलेलं असतं, तिथं थोडा वेळ नजर ठेवली की पाण्याच्या वरच्या थरात एक तांबूस-नारिंगी डाग सरकताना दिसतो. मधेच तो पृष्ठभागाशी येतो, पाण्याला बारीक उकळी फुटावी तशी खळबळ होते आणि डाग पुन्हा खाली बसतो. त्या डागात शेकडो पिल्लं असतात आणि ती सगळी एकाच वेळी हवा घ्यायला वर आलेली असतात. मरळ हवेतूनही श्वास घेते. पण लहानपणी हा श्वाससुद्धा ती एकटी घेत नाही.

डागाच्या जरा खाली आई किंवा बाप असतो, बहुतेकदा बापच. त्या दोघांनी आधी गवत बाजूला सारून वाटोळी जागा केलेली असते, तिथं तरंगणारी पिवळसर अंडी घातलेली असतात. दीड दिवसाच्या आत ती फुटतात आणि मग साधारण महिनाभर ही राखण चालते. बेडूक आला, पाणसाप आला, दुसरा मासा आला की मरळ अंगावर धावून जाते. माणसाचा पाय पाण्यात पडला तरी तिची धाव चुकत नाही. हे इथल्या मासेमार ढिवरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. राखणीला असलेली मरळ डिवचली की गळावर झडप घालते, म्हणजे मोठा मासा मिळवण्याचा हा सोपा मार्ग. पण ती गळाला लागली की वरचा डाग दोन-चार दिवसांत विरळ होऊन नाहीसा होतो. एका माशाच्या किमतीत शेकडो जातात. हा हिशेब ज्याला कळतो तो त्या महिन्यात तिथं गळ टाकत नाही. टाकणारेही अर्थात आहेत.

आणि मग, महिन्या-सव्वा महिन्यानं, काहीही अपघात न होता तो डाग आपोआप मोडतो. पिल्लं बोटभर होत आलेली असतात, रंग पालटून काळपट होतात, एकमेकांपासून अंतर ठेवू लागतात. आई-बाप राखण सोडतात. याच सुमाराला त्या भावंडांतली मोठी लहानांना गिळायला लागतात. मरळपालन करणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच असते: आकारानुसार पिल्लं वेगळी केली नाहीत तर टाकीत थोडीच उरतात, पण ती चांगली गुबगुबीत असतात. ज्या घोळक्यानं महिनाभर जीव वाचवला तोच घोळका आता जिवावर उठतो. त्या दिवसापासून पिल्लाला एकच काम उरतं, ते म्हणजे तिथून निघणं.

या निघण्याविषयी मला लिहायचं आहे. घोळक्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, कारण घोळका डोळ्यांना दिसतो. पांगण्याचं तसं नाही. पिल्लू एकेकटं, गढूळ पाण्यातून, बहुधा रात्री, दिसेनासं होतं आणि आपल्या लेखी ते तिथंच संपतं. जिथून निघालं ती जागा आपण मोजतो, जिथं पोचलं ती जागाही मोजतो. मधल्या वाटेचा कुठल्याच कागदावर रकाना नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात मासा काय नि वाघ काय, त्यांचं भलंबुरं आज त्या मधल्या वाटेवरच ठरतं आहे.

आधी घोळक्याचं पाहू. विल्यम हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं १९७१ साली एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात त्यानं एका कल्पित वाटोळ्या तळ्यापासून केली. काठावर बेडूक बसले आहेत, तळ्यात एक पाणसाप आहे. तो कुठून डोकं वर काढेल हे कुणाला माहीत नाही. पण तो जिथं निघेल तिथून सर्वांत जवळचा बेडूक धरणार हे नक्की. अशा वेळी प्रत्येक बेडकाला शहाणपणाची गोष्ट एकच: दोन बेडकांच्या मधल्या फटीत उडी मारून बसायचं. सगळेच तसं करतात आणि थोड्या वेळात काठावर बेडकांचे पुंजके तयार होतात. त्यात एकीचं बळ नाही, बंधुभाव नाही, प्रत्येकानं शेजाऱ्याला सापाच्या तोंडी पुढं केलेलं आहे. पंचतंत्रातली कबुतरं एकदिलानं जाळं घेऊन उडतात. हॅमिल्टनचे बेडूक एकमेकांच्या आड लपतात. निसर्गात दोन्ही प्रकार सापडतात. पण लहान माशांच्या बाबतीत हॅमिल्टनचं पारडं जड आहे, असं मला वाटतं.

घोळक्याचा आणखी एक फायदा कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि १९७३ साली नोबेल मिळवणारे हेच ते. एका जखमी लहान माशाला त्यांनी पाण्यात परत सोडलं आणि बाकीचे मासे घाबरून दूर पळाले. कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासानं इतरांना धोका कळतो. रोहू-कटला, आपल्या बांध्यांत सापडणारे खवल्यांचे छोटे मासे, वाघूर-शिंगीसारखे मिशाळ मासे, हे सगळे त्या माशाच्याच मोठ्या कुळातले. मरळ त्या कुळातली नाही. तिला वासाची सूचना पुरत नाही म्हणून ती राखणदार ठेवते, असं म्हणायचा मोह होतो; पण एवढं सरळ कार्यकारण जोडणं बरं नाही.

पांगण्याची सर्वांत नवलाची गोष्ट मात्र समुद्रातून आली, प्रवाळांच्या खडकांवरून. आपल्याकडे असे खडक मालवणजवळ आहेत. १९८७ साली तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून आत खोल समुद्रात, शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, त्यावरही प्रवाळ आहेत. प्रवाळावर राहणारा मासा मोठेपणी फारसा हलत नाही. काही जाती आयुष्य चार-दोन खोल्यांच्या जागेत काढतात. पण त्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की उघड्या समुद्रात जातात, काही दिवस ते काही आठवडे तिथंच तरंगत-पोहत वाढतात आणि मग कुठल्यातरी खडकावर उतरून घर करतात. नखाएवढा पारदर्शक जीव, भोवती निळं पाणी, खाली तळ दिसत नाही. तेव्हा ही पिल्लं प्रवाह नेईल तिकडे जातात, जन्मस्थानाशी त्यांचा संबंध संपतो, असं शास्त्रज्ञ कित्येक दशकं धरून चालले होते.

१९९९ साली या समजुतीला तडा गेला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझार्ड बेटाभोवती संशोधकांनी एका जातीच्या एक कोटीहून अधिक अंड्यांतल्या जिवांवर खूण केली. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात, अगदी दिवसागणिक. त्या खड्यात एका औषधाची खूण उमटवली. काही आठवड्यांनी परत उतरलेली पाच हजार पिल्लं पकडून कानातले खडे तपासले, तर पंधरा पिल्लांत ती खूण सापडली. कोटीतले पंधरा म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एकूण अंड्यांपैकी फारच थोड्यांवर खूण होती हे लक्षात घेतलं, तर हिशेब असा निघाला की परत उतरणाऱ्या पिल्लांतली पंधरा ते साठ टक्के त्याच बेटाची असावीत. २००७ साली पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात दुसऱ्या युक्तीनं, माद्यांना बेरियमचा विशिष्ट प्रकार टोचून, हाच शोध घेतला गेला. तिथं विदूषक मासा अकरा दिवस समुद्रात राहून आणि फुलपाखरू मासा अडतीस दिवस राहून परत आला होता, आणि दोघांचीही सुमारे साठ टक्के पिल्लं घरच्याच खडकावर उतरली होती.

म्हणजे ही पिल्लं वाहून जात नव्हती. त्यांना घरच्या पाण्याचा वास कळत होता. ध्वनिक्षेपकातून प्रवाळाचा आवाज, कोलंब्यांची टिकटिक आणि माशांची गुरगुर ऐकवली तर रिकाम्या दगडांच्या ढिगावरही पिल्लं जास्त संख्येनं उतरत होती. आणि तांबड्या समुद्रातल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात कानातल्या खड्यांचं रसायन जुळवून पाहिलं, तेव्हा असं दिसलं की एकत्र उतरलेल्या पिल्लांपैकी पुष्कळांनी समुद्रातला प्रवासही एकत्रच केला असावा. म्हणजे घोळका मोडून पांगणं हा पांगण्याचा एक प्रकार झाला. घोळक्यासकट पांगणं हा दुसरा.

समुद्र सोडून परत बांधीत येऊ. प्रवाळाचा खडक हे समुद्रातलं बेट. तलाव हे कोरड्या जमिनीतलं बेट. फरक इतकाच की समुद्रातल्या पिल्लाला चहूकडे पाणी आहे आणि बोडीतल्या पिल्लाला वर्षातले तीनच महिने. पण ते तीन महिने इथल्या जुन्या तलाव बांधणाऱ्यांनी काही कमी महत्त्वाचे धरले नव्हते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जवळपास सात हजार मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, प्रामुख्यानं कोहळी समाजाच्या कसबानं ते उभे राहिले. ते सुटे बांधलेले नाहीत. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाकडे जातो, त्याचा त्याखालच्याकडे, मधे धानाच्या बांध्या, शेवटी नाला आणि नाल्याची नदी. उतारावर ओळीनं ठेवलेल्या पाण्याची ही साखळी आहे. ब्रिटिश काळात बांधलेला घोडाझरीसारखा मोठा तलावही, भोवतालच्या डोंगरांसकट (हा सगळा भाग २०१८ मध्ये अभयारण्य झाला), याच उतारात बसवलेला आहे.

पहिल्या मोठ्या पावसाला या साखळीत जीव येतो. नाल्यातून, तलावातून मासे पाण्याच्या उलट दिशेनं वर निघतात. यांनाच मराठीत चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. वाघूर, शिंगी, मरळ, अंगठ्याएवढे खवलीमासे, पोटात अंडी घेऊन उथळ पाण्यात, बांधीत, गवतात शिरतात. बांधीतलं पाणी कोमट असतं, त्यात बारीक किडे भरपूर असतात, मोठे शिकारी मासे तिथवर पोचत नाहीत. रोवणीच्या चिखलात परे लावणाऱ्या बाईच्या पायाशी त्या काळात एक बालवाडी भरलेली असते. भादव्या-आश्विनात पाणी ओसरू लागलं की हीच पिल्लं उलट्या दिशेनं, आता उताराबरोबर, तलावात आणि नाल्यात उतरतात. चढ आयांचा, उतार पिल्लांचा. मरळ तर पाणी तुटलं तरी ओल्या गवतावरून सरपटत थोडं अंतर कापते, आणि उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन दिवस काढते.

लहान बोडी मार्चात आटते. तिच्यातले मासे मरतात किंवा धरले जातात. तरी पुढच्या भादव्यात तिथं मासे असतात. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही समजून घेण्यासारखं आहे असं वाटतच नाही. रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६९ साली या सवयीच्या गोष्टीला गणित दिलं. त्याचा रोख मासळीवर नव्हता, शेतातल्या किडींवर होता. त्याचं म्हणणं असं: तुटक तुटक जागांत राहणारी जात एका जागी नाहीशी होते, दुसरीकडून येऊन पुन्हा बसते. एखाद्या जागी ती आज आहे की नाही यावर तिचं टिकणं ठरत नाही. नाहीशी होण्याच्या वेगापेक्षा पुन्हा बसण्याचा वेग जास्त आहे का, यावर ठरतं. पुन्हा बसण्याचा वेग म्हणजे पिल्लांची वाट. वाट बंद झाली तर तलाव भरलेला असूनही जात संपू शकते. ती एकदम संपत नाही. एकेका दुष्काळात एकेक बोडी रिकामी होते आणि रिकामीच राहते.

वाट कुणी वाईट हेतूनं बंद केली असं नाही. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आणि पुढं जिल्हा परिषदांकडे आले, मासेमारीचे ठेके ढिवरांच्या सहकारी संस्थांना मिळू लागले. त्याच दशकात, १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीच्या पुरात वीण करणारे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्याआधी त्यांचं बीज गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांतून गोळा करून रेल्वेनं देशभर जात असे. चौधुरींच्या प्रयोगानंतर ते केंद्रात तयार होऊ लागलं: आधी जिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. १० जुलै हा आता देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो आणि तो मान रास्त आहे. त्या इंजेक्शनानं किती ताटांत मासळी आली याचा विचार केला तर त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

पण बोटुकलीबरोबर तलावाकडे पाहण्याची एक नजर आली. पिल्लू आता पैसे मोजून, प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून येतं. ते विकत घेतलेलं असल्यामुळं ते पळता कामा नये. म्हणून सांडव्यावर जाळी लागली. संस्थेचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. ठेका भरायचा, बीज विकत घ्यायचं आणि पहिल्याच पुरात ते खालच्या गावाच्या तलावात गेलेलं पाहायचं, हे कुणालाही परवडणार नाही. जाळीला मात्र विकतची बोटुकली आणि फुकटचं वाघूर यांतला फरक कळत नाही. खालून चढणारा अडतो, वरून उतरणारा अडतो. त्यात मरळ ही बोटुकली खाणारी, म्हणून ती तलावाची शत्रू ठरली. गवत जाळ्यात अडकतं म्हणून गवत काढलं गेलं. ज्या गवतात तो नारिंगी डाग फिरायचा तेच गेलं, आणि उघड्या पडलेल्या काठावर बेशरमाची झुडपं वाढली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या तलावांत याच्या उलट काम करून दाखवलं आहे. बेशरम उपटायची, तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते हे त्यांना पुस्तकातून शोधावं लागलं नाही, ते ढिवरांना येत होतं. या कामाचं कौतुक बरंच झालं आहे आणि व्हायलाच हवं. पण त्यातला भर आजवर घरावर, म्हणजे तलावाच्या तळावर आहे. दोन तलावांमधली वाट अजून तशी हाती घेतलेली नाही, आणि ती एका संस्थेच्या हातची गोष्टही नाही. वाट नेहमी दोन-तीन ठेक्यांच्या, चार-पाच सातबाऱ्यांच्या मधून जाते.

इथं गावातून नागपूर-पुण्याला जाणाऱ्या तरुण पोरांची उपमा द्यायचा मोह होतो. तो आवरतो. पोरं पत्ता लिहून जातात, फोन करतात, दिवाळीला परत येतात. पांगणाऱ्या पिल्लाची गोष्ट त्याहून बरीच उघडीवाघडी आहे, आणि या तालुक्यात ती माशापेक्षा वाघाच्या निमित्तानं लोकांना जास्त कळते.

वाघाचे बछडे दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. मग ती घडी मोडते. माद्या बहुधा आईच्या शेजारी जागा शोधतात, नर दूर जातात. ताडोबाभोवतीचं जंगल वाघांनी भरलेलं आहे, म्हणून पांगणारे वाघ ब्रह्मपुरी वनविभागात, म्हणजे नागभीड, सिंदेवाही, तळोधीच्या बाजूला, धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगलाच्या गोधडीत उतरतात. नागझिऱ्यातून निघून २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याला पोचलेला ‘जय’ देशभर गाजला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा मुलगा ‘श्रीनिवास’ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन पांगत आमच्या नागभीड परिक्षेत्रात आला. एप्रिल २०१७ मध्ये तो एका शेतात पुरलेला सापडला. रानडुकरांपासून पीक राखायला कुंपणात सोडलेल्या विजेनं तो गेला होता. रात्रीचं पीक कसं जातं हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला त्या शेतकऱ्याचा फक्त राग येणं कठीण आहे. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावर चिचपल्लीजवळ तीन बछडे गाडीखाली मेले. हे तर अजून पांगलेही नव्हते, सोबतच होते. याच मार्गावर नागभीड जंक्शन आहे. आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा या भागातून असोलामेंढ्याकडे जातो. पाण्यासाठी ती सोय आहे. चारपायी जनावराला मात्र ते सिमेंटच्या उतारांचं कुंपण आहे, आत पडलं तर बाहेर निघणं अवघड.

सगळ्यांच्याच नशिबी असं येत नाही. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली तेलंगणात शिरून, मराठवाडा ओलांडून, हजाराहून अधिक किलोमीटर हिंडून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या कॉलरच्या नोंदी पाहिल्या तर तो नाल्यांच्या कडेनं, तुरीच्या शेतांतून, बहुतेक रात्री चालला होता. ज्या गावांच्या शिवेवरून तो गेला त्यांतल्या बहुसंख्यांना तो गेल्याचं कळलंही नाही. वाट म्हणजे जंगलाचा सलग पट्टाच लागतो असं नाही, हे त्यानं दाखवलं. अंधार, आडोसा आणि फट एवढ्यावरही काही जण निभावून नेतात.

वाघांच्या बाबतीत आपण आता नेमकं बोटुकलीचं तंत्र वापरतो आहोत. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी पकडून नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी. जिथून जय स्वतःच्या पायांनी आला होता, त्या दिशेला आता वाघ पिंजऱ्यातून, ट्रकनं जातात. २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमलीपालला नेल्या. झीनत तिथं राहिली नाही. ती झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये, आणि २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात बेशुद्ध करून तिला परत नेण्यात आलं. बातम्यांचा सूर असा होता की वाघीण भरकटली. मला वाटतं, पांगण्याच्या वयातल्या वाघिणीनं पांगून दाखवलं, इतकंच. पिल्लू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं म्हणजे पांगण्याचं काम उरकलं, असं होत नाही. जागा पसंत करणं हा त्या कामाचा अर्धा भाग असतो. प्रवाळावरची नखाएवढी पिल्लंसुद्धा वास आणि आवाज पारखून उतरतात.

स्थलांतर करू नये असं मी म्हणत नाही. जिथं वाट खरोखर तुटली आहे तिथं ते करावंच लागेल, जसं नदीचं बीज तलावात हातानंच सोडावं लागतं. पण ट्रक हा दरवर्षीचा खर्च आहे. वाट एकदाच मोकळी करायची असते.

म्हणून एक छोटी सूचना, माशांपुरती. वाघांच्या वाटेचे मालक फार मोठे आहेत: रेल्वे, पाटबंधारे, महामार्ग. सांडव्यावरची जाळी मात्र गावातल्या गावात काढता-लावता येते. तलाव पहिल्यांदा सांडतो त्या आठवड्यात जाळी पूर्ण उचलावी किंवा निदान बांबूची विरळ ताटी लावावी, जिच्यातून बोटभर मासा जाईल आणि मागच्या वर्षीचा राहिलेला किलो-दोन किलोचा कटला जाणार नाही. बीज त्यानंतर, सांडवा ओसरल्यावर सोडावं. यात संस्थेचं नुकसान आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही: बीज उशिरा पडलं की वाढीचे काही आठवडे जातात आणि उन्हाळ्यातल्या काढणीला मासा तेवढा हलका भरतो. विरळ ताटीतून काही मोठा मालही सटकेल. पिल्लांना वाट दिल्याचा फायदा खालच्या तलावाला मिळणार आणि भुर्दंड वरच्या संस्थेला, हे न्यायाचं नाही. तेव्हा ठेका देणाऱ्यानंच त्या वर्षाच्या ठेक्यातून तेवढी सूट द्यावी. सूट किती, हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमायचं कारण नाही. तलाव सांडला की अर्धं गाव सांडव्याखाली फडकी आणि टोपल्या घेऊन उभं असतंच. त्या दिवशी तिथं किती मासोळी निघते आणि संध्याकाळी नागभीडच्या बाजारात ती काय भावानं जाते, एवढं लिहून ठेवलं तरी आकडा हाती येईल.